दोरा कुठे तुटावा?

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मासे धरण्याच्या दोऱ्यावर लेख आलेला पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यातून दोरा समुद्राच्या खडकाळ तळाशी मासे गरवण्याचा, आणि लिहिणारा वऱ्हाडातला! आम्हा वऱ्हाडी माणसांना समुद्र कुठला? खारे पाणी म्हणाल तर ते पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीविहिरीला आहे. पण त्यात मासे सोडाच, ते पिकाला देण्याचीही सोय नाही. तेव्हा हा विषय निवडण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

आमचे गाव पूर्णेच्या काठी. घरात गळ आणि जाळे पिढ्यान्‌पिढ्यांचे. चुलतभाऊ नोकरीनिमित्त मालवणात असल्यामुळे गेल्या दोन सुट्ट्या मी तिकडे काढल्या आणि खडपांवर बसून गरवणाऱ्यांच्या शेजारी बसण्याची संधी मिळाली. नदी आणि समुद्र, दोन्हीकडे मला एकच प्रश्न दिसला: दोरा कोणता घ्यावा? आणि दोन्हीकडच्या बाजारात त्याचे एकच उत्तर दिसले: जो तुटत नाही तो घ्यावा. हे उत्तर चूक आहे, असे माझे मत आहे. दोरा निवडणे म्हणजे तो कुठे तुटावा हे आधी ठरवणे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. विषय लहान दिसतो. पण त्यात गरिबाचा पैसा आहे, मुक्या जिवांचे हाल आहेत आणि आपण पाण्यात मागे काय ठेवतो याचा हिशेब आहे.

आधी तळाची मासेमारी म्हणजे काय ते पाहू. पापलेट, बांगडा हे मासे कोळी बांधव जाळ्याने धरतात. पण गोब्रा, तांबोशी यांसारखे मासे खडकांच्या कपारींत राहतात. तिथे जाळे टाकले तर ते फाटून येते. म्हणून तिथे गळ. दोऱ्याच्या टोकाला गळ, त्याच्या जवळ शिसे. शिसे तळाला टेकले की दोरा बोटावर धरून वाट पाहायची. गोब्र्याचा स्वभाव असा, की आमिष तोंडात येताच तो उलटा फिरून कपारीत शिरतो आणि अंग फुगवून तिथे रुतून बसतो. पहिल्या दोन-तीन क्षणांत त्याला वर उचलला तर तुमचा, नाही तर खडकाचा. शिवाय त्या खडकांवर कालवे आणि शिंपल्या चिकटलेल्या असतात, त्यांची धार चाकूसारखी. म्हणजे इथे दोऱ्याला दोन परीक्षा एकदम द्याव्या लागतात: ताण सोसायचा आणि घासणे सोसायचे.

आता दुकानात जे दोरे मिळतात त्यांचा स्वभाव पाहा. पहिला आपला सर्वांना माहीत असलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून नायलॉन तयार झाले आणि १९३८ मध्ये ते जगापुढे आले. त्यानंतर जगभरच्या मासेमारीतून सुती आणि तागाचे दोरे हळूहळू हद्दपार झाले. तंगूस स्वस्त, गुळगुळीत, आणि घासणे बऱ्यापैकी सोसणारा. अर्धा मिलीमीटर जाडीचा चांगला तंगूस पंधरा किलोच्या आसपास भार पेलतो. पण तो ताणतो. तुटेपर्यंत आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्श्याइतका तरी. पाण्यात भिजला की थोडी ताकद गमावतो आणि उन्हात पडून राहिला की कडक होऊन झिजतो. कोकणात खोली ‘वावे’ने मोजतात, दोन्ही हात पसरले म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. वीस वाव खोलीत तंगूस सोडला तर माशाने तळाशी दिलेला झटका वर बोटापर्यंत येता येता निम्मा विरून जातो.

दुसरा दोरा म्हणजे दुकानात ज्याला ‘ब्रेडेड’ म्हणतात तो, अगदी बारीक तंतूंची वेणी घातलेला. हे तंतू एका विशेष प्रकारच्या पॉलिथिलिनचे असतात. त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा तो कितीतरी बारीक, त्यामुळे प्रवाहाची ओढ त्याला कमी लागते आणि हलक्या शिशाने काम भागते. ताणत तर तो जवळजवळ नाहीच. तळाशी झिंग्याने आमिष कुरतडले तरी बोटाला कळते. पण याचे दोन दोष जाहिरातीत सांगत नाहीत. एक, तो ताणाला पहिलवान आणि घासण्याला कच्चा आहे. खडकाच्या धारेवर एक-दोनदा घासला की संपला. दुसरा, तो हाताने ओढायचा नसतो. परदेशात छडी आणि चरकी वापरून गरवतात, तिथे तो शोभतो. आपल्याकडचा गरवणारा दोरा हातात धरतो. तो बारीक दोरा जोराच्या माशाने ओढला तर बोट कापून काढील.

तिसरा फ्लुरोकार्बनचा. जपानमध्ये १९७०च्या दशकाच्या आरंभी तो मासेमारीत आला. नायलॉनपेक्षा तो जड, म्हणजे पाण्याच्या एकास नायलॉन १.१४ तर हा सुमारे १.७८; म्हणून लवकर बुडतो. प्रकाश त्यातून जाताना पाण्याच्या मानाने फारसा वाकत नाही, म्हणून माशाला तो कमी दिसतो असे म्हणतात. अंगाने टणक, घासणे चांगले सोसतो. पण महाग, आणि गाठ घालताना हटवादी. गाठ ओली न करता आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच दुबळी होते. ओली करून आवळण्याचा नियम तंगुसालाही लागू आहे.

म्हणजे एकच दोरा सर्व गुणांचा नाही. जाणते गरवणारे म्हणून दोरा एकसंध ठेवत नाहीत, त्याचे तीन भाग करतात. हातापासून खाली जाणारा मुख्य दोरा. त्याच्या पुढे गळापर्यंत एक-दोन वावेचा, घासणे सोसणारा तुकडा. आणि शिसे बांधायला एक वेगळी, सर्वांत कच्ची दोरी. यात मुख्य दोरा सर्वांत बळकट, पुढचा तुकडा त्याहून एक पायरी कमी आणि शिशाची दोरी सर्वांत कमी. उदाहरणार्थ, मुख्य दोरा पंचवीस किलोचा असेल तर तुकडा पंधराचा आणि शिशाची दोरी पाचाची. हिशेब करताना गाठही धरली पाहिजे, कारण साध्या गाठीने दोऱ्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते आणि मग दोरा आपण ठरवलेल्या जागी न तुटता गाठ म्हणेल तिथे तुटतो.

ही उतरती भाजणी कशासाठी? खडकाळ तळाशी अडकणे हे अपघाताने घडत नाही. ते रोजचे आहे. दहा वेळा दोरा टाकला तर दोनदा-तीनदा तो कुठे तरी गुंतणारच. सर्वांत आधी अडकते ते शिसे. त्याची दोरी कच्ची असेल तर जोराचा हिसका देताच शिसे खाली राहते, गळ आणि पुष्कळदा मासाही वर येतो. शिशाऐवजी भोकाचा दगड बांधला तर तेवढाही खर्च नाही आणि पाण्यात विष नाही. इंग्लंडमध्ये तळ्यांतले हंस ही शिशाची मणी गिळून मरू लागले, तेव्हा १९८७ साली तिथे लहान शिशांच्या विक्रीला बंदी घालावी लागली. गळच अडकला तर पुढचा तुकडा तुटतो आणि पाण्यात राहतो तो वाव-दीड वाव दोरा. मुख्य दोरा सगळाच्या सगळा हातात परत येतो.

याच्या उलट ‘न तुटणारा’ एकच जाड दोरा घेतलेला माणूस काय करतो? ओढून ओढून हात सोलून घेतो आणि शेवटी दोरा वरच्या टोकाला, आपल्या हाताशी, कापून टाकतो. वीस-पंचवीस वाव नायलॉन खडकावर कायमचे सोडून तो घरी जातो. तुटेपर्यंत ताणू नये, असे आपण बोलण्यात म्हणतो. खडकात अडकलेला दोरा मात्र ताणून तोडावाच लागतो. फक्त तो योग्य जागी तुटेल अशी तजवीज घरून निघण्यापूर्वी करायची असते.

मालवणात एका वृद्ध गरवणाऱ्याला मी विचारले, एवढी शिशे जातात, वाईट नाही वाटत? ते म्हणाले, “खडप काय सोडणा नाय, आपणच सोडूक व्हया.” खडक काही सोडणार नाही, आपल्यालाच सोडावे लागते. आणि आमचे आबाजी, ज्यांनी समुद्र कधी पाहिला नाही, ते पूर्णेच्या डोहात बाभळीच्या मुळ्यांत गळ टाकताना हेच निराळ्या शब्दांत सांगत: “दोरा तुटाचाच असन तं गयापाशी तुटू दे, हातापाशी नोको.” दोघांची भाषा वेगळी, पाणी वेगळे, मासे वेगळे. विचार एकच. ज्या ज्ञानाला आपण वर्गात ‘सिद्धान्त’ म्हणतो ते याहून काय निराळे असते?

आता मागे राहिलेल्या दोऱ्याचे काय होते ते पाहू. आबाजींच्या लहानपणी दोरा सुताचा होता. सूत म्हणजे कापूस, आपल्या काळ्या जमिनीत पिकतो तोच. कोकणात तो टिकावा म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवत, वाळवत, पुन्हा बुडवत. एवढे करूनही तो कुजे. मासेमाराला तो शाप होता, पण पाण्याला वरदान होते. कारण हरवलेला दोरा काही काळाने पाण्यात विरघळून गेल्यासारखा होई. नायलॉन कुजत नाही. तो किती वर्षांत नाहीसा होईल याचे जे अंदाज सांगितले जातात ते शेकडो वर्षांचे आहेत. तोवर तो खडकावर गुंडाळलेला राहतो. त्यात खेकडा अडकतो, खेकडा खायला मासा येतो, तोही अडकतो. कासवाच्या वल्ह्यासारख्या पायाला तो फास बसतो. तोंडात गळ घेऊन निसटलेल्या माशाच्या मागे चार वाव दोरा लोंबत असेल तर तो पहिल्याच कपारीत गुंतून उपाशी मरतो. वीतभर असेल तर साधा लोखंडी गळ खाऱ्या पाण्यात गंजून गळून पडण्याची आशा तरी असते. शिवाय गोब्र्याच्या जातीतले पुष्कळ मासे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. एक मोठा मासा वाया जाणे म्हणजे एकच मासा जाणे नव्हे.

वऱ्हाडातल्या वाचकाला हे दूरचे वाटत असेल तर त्याने संक्रांत आठवावी. पतंगाचा ‘न तुटणारा’ नायलॉनचा मांजा हा आपल्या तंगुसाचाच भाऊ आहे. सुती मांजा झाडावर अडकला तर पावसाळ्यापर्यंत गळून पडे. नायलॉनच्या मांजाने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवरून जाणाऱ्या माणसांचे गळे कापले, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली. मांजाच्या बाबतीत आपल्याला पटले की दोऱ्याने तुटले पाहिजे. कारण तो आपल्या गळ्याशी आला. पाण्याखालचा दोरा आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.

आणि पाणी तरी वेगळे कुठे आहे? अमरावतीचा अंबानाला पेढीला मिळतो, पेढी पूर्णेला. अकोल्याची मोर्णाही पूर्णेलाच मिळते. पूर्णा तापीत जाते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्रात. तिकडे मोर्शीकडचे पाणी वर्धा नदीतून प्राणहिता आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाते. आपला एक जिल्हा दोन समुद्रांना पाणी देतो. वाटेत धरणे आहेत, बंधारे आहेत, सगळे काही समुद्रापर्यंत पोचत नाही हे खरे. पण जे पोचत नाही ते आपल्याच डोहांत राहते. अप्पर वर्धा किंवा काटेपूर्णा यांसारख्या जलाशयांच्या बुडीत भागात झाडांची खोडे असतात, दगडी बांध असतात. तळाला गळ टाकणाऱ्याला ते कोकणच्या खडपासारखेच. काठावरच्या बाभळींवर पाणकावळे आणि बगळे बसतात आणि त्याच बाभळींवर तुटलेले तंगूस लोंबतात. २०१८च्या जानेवारीत अकोलेकरांनी मोर्णा स्वच्छ करण्यासाठी हजारोंच्या संख्येने पाण्यात उतरून काम केले. जलपर्णी डोळ्यांना दिसत होती म्हणून निघाली. दोरा दिसत नाही म्हणून राहतो.

यावर दोन आक्षेप येतील हे मी जाणून आहे. पहिला असा, की मोठमोठ्या यांत्रिक नौका तळ खरवडून काढत असताना गरीब गरवणाऱ्याच्या दोऱ्याचा कीस कशाला काढता? आक्षेप रास्त आहे. गळ हे सर्वांत निवडक साधन आहे, एका वेळी एक मासा, आणि लहान मासा जिवंत सोडूनही देता येतो. समुद्राची मोठी हानी गळाने केलेली नाही. पण जे साधन चांगले आहे ते अधिक चांगले राखणे, हे ते वापरणाऱ्याच्याच हिताचे आहे. उद्या कुणी कायदा करून सगळ्याच तंगुसांवर बोट ठेवले तर पोट कुणाचे जाईल, याचाही विचार करावा.

दुसरा आक्षेप पैशाचा. तीन प्रकारचे दोरे घ्यायचे, गाठी शिकायच्या, हे हौशी श्रीमंतांचे चोचले आहेत असे म्हणतील. वस्तुस्थिती उलट आहे. हाताने गरवणाऱ्याला परदेशी वेणीचा दोरा घेण्याची गरजच नाही. हाताला न कापणारा जाड तंगूस मुख्य दोऱ्याला, त्याहून एक-दोन क्रमांक कमी जाडीचा तंगूस पुढच्या तुकड्याला आणि दगड बांधायला घरातले शिवणाचे सूत चार पदरी करून. एवढ्यात काम भागते. वरचा लांब दोरा दर वेळी परत येतो, म्हणून वर्षाकाठी खर्च घटतो. ज्याच्याकडे छडी आहे त्याने मुख्य दोरा वेणीचा घ्यावा आणि पुढे दोन वाव जाड तंगूस जोडावा. फ्लुरोकार्बन ऐपत असेल तर, नसेल तर अडत नाही. रोज निघण्यापूर्वी शेवटची वाव बोटांतून फिरवून पाहावी; खरखर लागली तर तेवढा भाग कापून खिशात ठेवावा. दोरा सावलीत ठेवावा. अडकल्यावर हाताला वेढे देऊन ओढू नये, काठीला गुंडाळून सरळ रेषेत ओढावा. यात महाग असे काय आहे?

आपल्यापैकी मासे धरणारे थोडे असतील. पण छत्री तलावावर किंवा वडाळी तलावावर फिरायला जाणारे पुष्कळ आहेत. काठावर, झुडपांत अडकलेला तंगूस दिसला तर तो सोडवून, बारीक तुकडे करून कचराकुंडीत टाकावा. अखंड टाकला तर उकिरड्यावरच्या गाईच्या पायात किंवा पोटात जाईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात झाडे लावतो, रस्ते झाडतो. एक सकाळ दोरा गोळा करण्याला द्यायला हरकत नाही. आणि आपल्या प्राध्यापकांना एक विनंती. गळ घालणे, गळाला लागणे, हे वाक्प्रचार आपण शिकवता आणि आम्ही वाक्यांत उपयोग करतो. ज्यांच्या हातात खरोखर गळ आहे अशा भोई-ढिवरांची मुले याच वर्गांत मागच्या बाकांवर बसलेली असतात. गाठ, पाणी, मासा, दोरा यांविषयी त्यांच्या घरात जे शब्द आणि जे ज्ञान आहे, ते एखाद्या भाषिक प्रकल्पात लिहून घेतले गेले तर मराठीचे भांडार वाढेल आणि त्या मुलांची मानही ताठ होईल. आबाजींच्या पिढीबरोबर हे शब्द जाणार आहेत. नायलॉनसारखे ते शेकडो वर्षे टिकणारे नाहीत, सुतासारखे आहेत.

दुकानदाराने “हा घ्या, हत्तीने ओढला तरी तुटणार नाही” असे म्हटले की त्याला शांतपणे विचारावे, “आणि खडकाने धरला तर?” त्याच्याकडे उत्तर नसेल. ते उत्तर गिऱ्हाइकाने घरून ठरवून न्यायचे असते.